गच्चीवरच्या गाळातून अंतराळातील धूळ कशी वेचावी

ग्रहांच्या दरम्यानच्या अवकाशात फिरणाऱ्या धुळीचा काही भाग पृथ्वीवर सतत पडत असतो आणि तो आपल्या गच्चीवरही पडतो. सूर्याजवळ येणारे धूमकेतू ही धूळ मागे टाकत जातात. थोडी धूळ लघुग्रहांच्या टकरींतून सुटते. सूर्यप्रकाशाच्या परिणामामुळे या कणांची कक्षा हळूहळू सूर्याकडे आकसत जाते आणि वाटेत पृथ्वी आली, तर ते वातावरणात शिरतात. अंटार्क्टिकातील बर्फाच्या अभ्यासावरून २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार असे सुमारे ५,२०० टन सूक्ष्म कण दरवर्षी जमिनीपर्यंत पोहोचतात. साऱ्या पृथ्वीवर वाटल्यास हे प्रमाण चौरस मीटरमागे वर्षाला जेमतेम १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या एका दगडी कणाएवढे भरते. म्हणूनच ‘लोहचुंबक फिरवा, चिकटेल ती उल्काधूळ’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला साफ चुकीचा आहे.

पावसाळा संपल्यावर, पण दिवाळीचे फटाके सुरू होण्याआधी, गच्चीच्या कोपऱ्यांत आणि पाणी उतरण्याच्या पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ गोळा करावा. साबणाचे दोन थेंब टाकून तो बादलीत धुवावा, तरंगणारा कचरा ओतून द्यावा आणि उरलेला गाळ वाळवावा. ०.४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा, पण ०.१५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा भाग तेवढा ठेवावा. पिशवीत गुंडाळलेले निओडिमियमचे (अतिशय जोरदार) चुंबक त्यावरून अगदी जवळून फिरवावे, कारण अंतराळातले दगडी कण क्षीणपणेच ओढले जातात.

खरे काम इथून पुढे सुरू होते आणि मला सर्वांत जड गेले तेही हेच. सूक्ष्मदर्शकाखाली गोल काळे कण भरपूर दिसतात आणि त्यांतले जवळपास सगळे इथलेच असतात. शेजारच्या ग्रिलचे वेल्डिंग, ग्राइंडरच्या ठिणग्या, फटाके, चंद्रपूर किंवा कोराडीच्या परिसरात औष्णिक केंद्राची राख, या प्रत्येकातून वितळलेले थेंब हवेत उडतात, आणि हवेत थिजणारा थेंब गोलच होतो. तेव्हा गोलाईवरून काहीही सिद्ध होत नाही आणि चुंबकाला चिकटण्यावरूनही नाही. चकचकीत, गुळगुळीत, भोक पडलेला किंवा शेपटी असलेला गोळा बहुधा वेल्डिंगचा असतो. तो निःसंकोच बाद करावा. फिकट काचेसारखे गोळे राखेचे आणि स्वच्छ पारदर्शक मणी रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या रंगातले असतात.

पाहायचा असतो तो पृष्ठभागाचा पोत. अंतराळातील कण सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो, ८० ते १०० किलोमीटर उंचीवर काही सेकंदांत वितळतो आणि तितक्याच झपाट्याने थिजतो. त्या घाईची खूण त्याच्या अंगावर उरते: ऑलिव्हिन या खनिजाच्या बारीक समांतर पट्ट्या किंवा नेच्याच्या पानासारखे फाटे फुटलेले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे स्फटिक. वेग एकाएकी घटल्यामुळे आतले जड लोह-निकेल पुढच्या बाजूला सरकते आणि कधी कधी लांबट कणाच्या टोकाशी चमकदार ठिपक्यासारखे बाहेर डोकावते. असा ठिपका काळ्या, मंद झळाळीच्या दगडी अंगावर दिसला, तर तो कण कोणत्याही परिस्थितीत फेकू नये. उजेड मात्र वरून, तिरपा टाकावा. खालून प्रकाश टाकणाऱ्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकात कणाची नुसती काळी सावली दिसते आणि पोत अजिबात कळत नाही.

शहरात हा शोध व्यर्थ आहे, असे तज्ज्ञही मानत. नॉर्वेचे जॅझवादक यॉन लार्सन यांनी चिकाटीने कण वेचले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज यांनी ते तपासले आणि ऑस्लो, पॅरिस व बर्लिन येथील छपरांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म अशनी (म्हणजेच अंतराळातून आलेले असे कण) मिळाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. किलोमागे सरासरी दोनही नाहीत. एका बैठकीत दहा-वीस सापडल्यासारखे वाटले, तर निकष सैल झाला आहे असे समजावे आणि सगळे कण पुन्हा तपासावेत.

निवडलेला कण ओलसर टूथपिकच्या टोकाने उचलून काचपट्टीवर ठेवावा आणि जागा व तारीख लिहावी. छायाचित्र कितीही सुरेख आले, तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रासायनिक घटक तपासले जाईपर्यंत नोंदीत त्याच्यापुढे ‘संभाव्य’ हाच शब्द ठेवावा.