धाकट्या भावाची पहिली घागर भरताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण खान्देशात घागर भरतो ती आजोबा-पणजोबांच्या नावाने. मला ती यंदा चौतीस वर्षांच्या धाकट्या भावासाठी भरावी लागली. कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर उपयोगी पडावं म्हणून आमच्या यावलकडची रीत सांगते.

घागर दोन दिवस आधी आणा. बोटाने वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. रात्रभर पाण्यात ठेवा. कोरी घागर वैशाखात झिरपते, पाटाखाली ओल येते आणि जमलेल्या बाया त्याचाही अर्थ लावतात.

घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, हे भावाचं काम. "ताई, डांगर मी लई येसू," असा आदल्या दिवशी त्याचा फोन ठरलेला. ठिबकच्या नळ्या जोडायला गावोगाव फिरायचा, येताना दोन आणायचा. एक घागरीला, एक त्याच रात्री पोरांना. देठाकडे नाक लावायचं. वास गोड आणि देठ आपसूक सुटलेला असला की पिकलं समजायचं. यंदा त्याच्या आठ वर्षांच्या मुलाला बाजारात नेलं. त्याने सतरा डांगरं हुंगली. विकणारा वैतागला. वैतागू द्या.

घागरीला कुंकवाची बोटं कोणी ओढायची, यावर कुजबुज होणारच. आमच्या एक काकू म्हणाल्या, "तिने लांबच बसावं." विधवा प्रथा बंद करायचा ठराव कोल्हापूरकडच्या हेरवाडने २०२२ मध्येच केला, सरकारने त्याच महिन्यात परिपत्रकही काढलं. पण काकूंपुढे परिपत्रक काय कामाचं? मी कुंकवाची वाटी भावजयीच्या हातात दिली आणि काकूंना कुरडया तळायला बसवलं.

मांडे, आमरस, भजी, सांजोऱ्या तुम्हाला येतातच. रशी मात्र त्याच्या जिभेची, झणझणीत केली. पाहुण्यांना ठसका लागला.

आगारी मुलाने टाकायची. गोवरीचे निखारे, त्यावर तूप, प्रत्येक पदार्थाचा घास, भोवती पाणी. "नाव घेऊन टाक," कुणीतरी म्हणालं, आणि पोर घास हातात धरून थिजलं. बापाचं नाव त्याने कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. शेवटी हळूच विचारलं, "पप्पा म्हटलं तर चालेल?" हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आणि म्हाताऱ्या वडिलांना आगारीजवळ ओढू नका. आमचे आप्पा ओट्यावर पाठ करून बसले होते. त्यांचं ताट मी तिथेच नेलं.

लेकरांचा झोका चुकवू नका. दोर कडुलिंबाला बांधला की मोठ्या माणसाने आधी बसून बघायचं. दरवर्षी तो बसायचा. यंदा मी बसले. फांदी करकरली आणि भाची खालून ओरडली, "फुई, उतर!"