ट्रॅक्टरचा नवा रंग घासून बफिंग कसे करावे

स्प्रे कितीही जपून मारला तरी बॉनेटवर धूळकण बसतात, कुठे ओघळ येतो, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. हे सगळे घासून घालवता येते. मात्र हार्डनर (रंगात मिसळायचे, तो कडक करणारे रसायन) घातलेल्या रंगाचे दोन-तीन हात मिळून जाडी जेमतेम ५० ते ७० मायक्रॉन भरते, म्हणून लागेल तेवढेच घासायचे. हा सगळा खटाटोप बॉनेट आणि मडगार्डसाठी आहे; गिअरबॉक्स, ॲक्सल, रिम यांना त्याची गरज नाही.

आधी रंग वाळलाय का ते बघा. हार्डनरचा रंग साधारण एक ते तीन दिवसांत घासण्याजोगा होतो. डब्यावर दिलेली मुदत पाळा. हार्डनर नसलेला सिंथेटिक इनॅमल वरून कोरडा वाटला तरी आतून कित्येक आठवडे मऊ असतो. आडबाजूला नख दाबून पाहा, खूण उमटली तर थांबा. ओला रंग घासला की पेपर भरतो आणि त्यात अडकलेल्या गुठळ्याच खोल चरे पाडतात. वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसलेला मेटॅलिक (चमकदार धातुकण असलेला) रंग तर घासूच नये, ढगासारखे डाग पडतात.

१५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (ओले करून वापरायचे पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) पंधरा मिनिटे पाण्यात भिजवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका. प्रत्येक नंबर बदलताना बादलीतले पाणीही बदला. जाड पेपरचा एखादा कण मागे राहिला तर शेवटपर्यंत रेघा मारत राहतो. पत्रा धुऊन घ्या आणि कडा, जाळीच्या खाचा, उठावदार रेषा यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पहिल्यांदा तिथेच प्रायमर (रंगाखालचा थर) दिसतो.

ओघळ असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून छोट्या कडक ब्लॉकवर १००० नंबरने फक्त उंचवटा उतरवा. ओघळातला रंग जाड असल्याने उशिरा वाळतो, त्याला जास्त दिवस द्या.

मग रबरी ब्लॉकवर १५०० गुंडाळून हलक्या हाताने सरळ रेषेत घासा. बोटांनी दाबून घासले की बोटांच्या खाली खळगे पडतात. दर दहा-बारा हातांनी रबरी पट्टीने पाणी ओढा आणि तिरक्या उजेडात पाहा. मंद पृष्ठभागात चमकणारे ठिपके म्हणजे अजून न घासलेले खोलगट भाग. त्यातले मोजके उरले की थांबा. शेवटच्या ठिपक्यापर्यंत पोहोचण्याच्या हट्टापायीच रंग फुटतो, म्हणजे घासून खालचा प्रायमर उघडा पडतो. पुढे २००० आडव्या दिशेने फिरवा, आधीच्या रेघा गेल्या की ३०००. टेप काढून कडांवर ३००० ने हाताने दोन-तीन फटके पुरेत. क्लिअर कोट असताना पाण्यात रंग उतरू लागला तर क्लिअर संपला. तिथे पुन्हा स्प्रेच मारावा लागेल. क्लिअर नसेल तर पाणी रंगीत होणारच.

बफिंगला, म्हणजे फिरत्या पॅडने घासून चमक आणायला, वेग कमी-जास्त करता येणारे मशीन हवे. साधा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो आणि क्षणात रंग जाळतो. लोकरी पॅडवर थोडेसे कंपाउंड (रंग घासून चमकवणारी पेस्ट) घेऊन, बारा-पंधराशे फेऱ्यांवर, दीड फुटाचा एकेक चौकोन करा. पॅड एका जागी थांबू देऊ नका. कडेजवळ पॅडचे फिरणे कडेवरून बाहेर जाणारे असावे, कडेवर आदळणारे नको. पत्र्यावर हात टिकत नसेल इतका तापला तर थांबा. पॅडमध्ये वाळलेले कंपाउंड मधूनमधून ब्रशने झाडा. चष्मा घाला, सैल बाह्या आणि लोंबणाऱ्या नाड्या आवरा.

नंतर मऊ फोम पॅडवर बारीक पॉलिश. कंपाउंडमधले तेल चरे झाकते, म्हणून ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून उन्हात तपासा. गोल रेघा दिसल्या तर फोमचा एक हात अजून द्या.

बोल्टच्या भोकांत आणि घड्यांत शिरलेले पाणी हवेच्या प्रेशरने उडवा, नाहीतर आतून गंज धरतो. स्टिकर आता लावा, आधी नाही. वॅक्स मात्र महिना-दोन महिने लावू नये, कारण रंगातला उरलासुरला थिनर अजून बाहेर पडत असतो.