पहिल्या पावसात सुबाभळीची रोपं उपटा

मृगाच्या दोन-चार सरी झाल्या की जुन्या सुबाभळीखाली गालिच्यासारखी रोपं उगवतात. ती वीतभर असताना, जमीन ओली असतानाच हाताने उपटा. वर लहान दिसणारं हे रोप खाली सोटमूळ खोल घालत असतं. श्रावणापर्यंत थांबलात तर ते ओढून निघत नाही आणि कोयत्याने तोडलं तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. १९७०-८०च्या दशकांत चारा-सरपणासाठी आपल्याकडे त्याचा मोठा प्रसार झाला. उरुळी कांचनच्या बाएफचा, मणिभाई देसाईंच्या संस्थेचा, त्यात मोठा वाटा. सुक्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. कोरडवाहू गावात ही वैरण सोडून चालत नाही, म्हणून सरसकट तोडा असं मी म्हणणार नाही. पण शेंग झाडावर पिकू देऊ नका, हे मात्र हात जोडून सांगतो.

वाळलेली एक शेंग उकलून बघा. चपटी, तपकिरी, आत वीसेक चकचकीत बिया. कवच इतकं टणक की बी मातीत वर्षानुवर्षे टिकतं. जनावराने पिकल्या शेंगा खाल्ल्या तर बरंच बी शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि शेणखताच्या पाट्यांबरोबर आपणच ते रानभर नेतो.

म्हणून पावसाळाभर दर ४०-५० दिवसांनी कमरेच्या उंचीवर छाटणी करा. पांढरे गोंडे दिसले की विळा उचलायचाच.

पाला कडब्यात किंवा गवतात मिसळून घाला, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. त्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत जास्त असतं. केस झडू लागले, लाळ गळू लागली किंवा गळ्याशी सूज दिसली तर पाला लगेच बंद करून पशुवैद्यकांना दाखवा. गाभण जनावरांना शक्यतो नकोच. घोडा, गाढव, डुक्कर, ससे यांना तर घालूच नका.

ओढ्याकाठी, गायरानात नवी सुबाभूळ लावू नका. तिथे छाटायला कोणी जात नाही आणि ती दाट माजून गवताची जागा घेते. लावायचीच असेल तर गोठ्यालगत लावा, जिथे रोज नजर पडते.