परमुलुखातली पहिली शिकार : सामान कसे भरावे

घरापासून दूर पहिल्यांदाच शिकारीला निघालेला माणूस सामान भरायला बसला की रायफल, काडतुसे आणि दुर्बीण आधी बाहेर काढतो आणि मग राहिलेल्या जागेत बाकीच्या वस्तू कोंबतो. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. आठवडाभराच्या शिकारीत चाप ओढण्याची वेळ एखाद्‌दुसऱ्यांदाच येते, कित्येकदा येतच नाही; बाकीचा सारा वेळ चालण्यात, गारठ्यात न हलता बसून राहण्यात, ओले कपडे वाळवण्यात आणि सावज पडलेच तर त्याचे मांस नासू न देता मुक्कामापर्यंत आणण्यात जातो. नेहमीच्या रानात विसरलेली वस्तू घरी जाऊन आणता येते, परमुलुखात मात्र ती नसली तर नसलीच. म्हणून ज्या प्रदेशात शिकारीला कायद्याची परवानगी आहे आणि हंगाम खुला आहे, तिथे जाण्याचे ठरले की सावज पडल्यानंतरच्या कामापासून सुरुवात करून मागे मागे येत सामान भरावे.

माझ्या पहिल्या दूरच्या शिकारीत माझ्याजवळ ४० काडतुसे होती, परंतु मांस ठेवण्यासाठी एकही कापडी पिशवी नव्हती. सकाळी पडलेल्या हरणाचे मांस आम्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले, आतली ऊब आतच कोंडली गेली आणि संध्याकाळी एका मांडीला वास येऊ लागला. एका जनावराचा जीव घेऊन त्याचे मांस टाकून द्यावे लागले, याचे मला अजूनही वाईट वाटते. नवशिक्याने निदान ही चूक टाळावी, यासाठी मांसाच्या सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मांसाचे तीन शत्रू आहेत : ऊब, ओल आणि घाण. जंतू ४ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात झपाट्याने वाढतात आणि नुकत्याच मेलेल्या जनावराचे शरीर बराच काळ याच पट्ट्यात राहते. त्यामुळे पोट लगेच साफ करणे, हवा उबदार असेल तर कातडे काढणे आणि मांस सावलीत, वाऱ्यावर टांगणे हे सारे वेळेवर व्हावे लागते. त्यासाठी हवा खेळू देणाऱ्या कापडाच्या चार-पाच मोठ्या पिशव्या घ्याव्यात. धुतलेल्या जुन्या उशीच्या खोळीही चालतात, फक्त वीण इतकी घट्ट हवी की माशी आत शिरणार नाही. टांगण्यासाठी १० ते १५ मीटर बळकट बारीक दोरी, कापलेले मांस मातीवर पडू नये म्हणून हलकी ताडपत्री आणि जनावराच्या रक्तातून व आतड्यांतून येणाऱ्या रोगांपासून हात वाचवण्यासाठी रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड ठेवावेत. सुरी मोठी असण्याची गरज नाही. ८ ते १० सेंटिमीटर पात्याची, भडक रंगाच्या मुठीची एक सुरी आणि तिला धार लावण्याचे छोटे साधन एवढे पुरते. मुठीचा रंग भडक असावा असे म्हणण्याचे कारण साधे आहे : संधिप्रकाशात गवतात ठेवलेली तपकिरी मुठीची सुरी पुन्हा सापडत नाही.

वजनाचा हिशेबही घरीच मांडावा. जिवंतपणी १०० किलो भरणाऱ्या हरणाचे हाडे काढलेले मांस साधारण ३० ते ४० किलो निघते. म्हणजे आपले पाणी, कपडे आणि रायफल यांखेरीज हा भार पाठीवर घेऊन, कदाचित अंधारात आणि उतारावर, दोन फेऱ्या माराव्या लागणार. पाठपिशवीचा सांगाडा व कमरपट्टा हे ओझे पेलणारा आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तेवढेच वजन भरून तासभर चालल्याशिवाय कळत नाही. पिशवी खांद्यांवर लोंबू लागली, तर ती बदलण्याची वेळ तीच.

आता कपड्यांकडे येऊ. इथे सुती कपडा हा सर्वात मोठा धोका आहे, कारण तो घाम आणि पाऊस धरून ठेवतो, सावकाश वाळतो आणि ओला असताना अंगाची ऊब शोषून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीच उबदार राहते. कृत्रिम धाग्याचे कपडे लवकर वाळतात. म्हणून अंगालगत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबेचा थर आणि सर्वांवर वारा-पाऊस अडवणारा थर अशी रचना करावी. शिकाऱ्याची खरी अडचण अशी की चढ चढताना तो घामाघूम होतो आणि वर पोहोचल्यावर त्याला दोन-दोन तास हालचाल न करता बसायचे असते. म्हणून चढाला लागण्यापूर्वीच थोडी थंडी वाजेल इतके कपडे उतरवावेत आणि उबेचा जाड थर पाठपिशवीत कोरडा ठेवावा. उंचीचाही विचार करावा : दर १००० मीटर चढल्यावर तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याच्या गावातील हवामानाचा अंदाज वाचून भरलेले कपडे डोंगरमाथ्यावर अपुरे पडतात. कपडा चालताना खसखसतो का, हेही घरात चालून ऐकून घ्यावे.

भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी यांची त्या प्रदेशात सक्ती असो वा नसो, ती घ्यावीच. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. माणसाला झगझगीत दिसणारा नारिंगी रंग त्याला मळकट वाटतो, तर निळा रंग चांगला दिसतो. नारिंगी कपड्याने सावज बुजेल ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही; दुसऱ्या शिकाऱ्याला आपण न दिसणे हा धोका मात्र खरा आहे. रानातले कपडे ‘चमक’ आणणाऱ्या साबणाने धुऊ नयेत, कारण त्यातील द्रव्ये कपड्याला निळसर झळाळी देतात, आणि ती हरणाच्या डोळ्याला अधिक जाणवते.

पायांविषयी एकच नियम मी कठोरपणे सांगेन : नवे कोरे बूट घेऊन निघू नये. निघण्यापूर्वी किमान महिनाभर ते चढउतारावर, ओझ्यासह आणि त्याच मोज्यांसह वापरावेत. लोकरी मोज्यांचे तीन जोड पुरतात. त्यांपैकी एक फक्त झोपताना घालायचा आणि तो कधीही ओला होऊ द्यायचा नाही. टाच लाल होताच, फोड येण्याच्या आधीच, चिकटपट्टी लावावी. ती पट्टी मुक्कामावर नव्हे, खिशात हवी.

अंथरुणाच्या बाबतीत झोपण्याच्या पिशवीवर बहुधा दोन तापमाने छापलेली असतात : आरामाचे आणि मर्यादेचे. विकत घेताना आरामाचा आकडा पाहावा, कारण मर्यादेच्या तापमानाला माणूस अंगाचे मुटकुळे करून कशीबशी रात्र काढतो आणि पहाटे सावजाच्या वेळेला त्याच्यात त्राण राहत नाही. जमिनीची थंडी अडवणारी चटई विसरू नये. अंगाखाली दबलेली पिशवी ऊब धरत नाही.

एवढे झाल्यावर रायफलीकडे वळावे. ती रिकामी आहे याची स्वतः दोनदा खात्री करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत ठेवावी. विमानाने जायचे असेल तर शस्त्र सोबतच्या सामानात नेता येत नाही. ते जाहीर करून वेगळे सोपवावे लागते. काडतुसे साधारणपणे प्रत्येक प्रवाशामागे ५ किलोंपर्यंतच आणि मूळ खोक्यात नेऊ देतात, परंतु प्रत्येक विमान कंपनीचे आणि मधल्या प्रत्येक विमानतळाचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून लेखी मंजुरी आधीच घेऊन तिची छापील प्रत पेटीसोबत ठेवावी. स्वयंपाकाच्या गॅसच्या डब्या आणि अस्वलाला पिटाळण्याचा फवारा विमानात कोणत्याही सामानात चालत नाही. या दोन्ही गोष्टी पोहोचल्यावरच घ्याव्यात. पॉवर बँक मात्र याच्या उलट : ती सोबतच्या पिशवीतच न्यावी लागते.

काडतुसे ४० नकोत. २० ते २५ पुरतात, आणि ती सारी त्याच प्रकारची व शक्यतो त्याच खेपेची असावीत जिच्यावर घरी नेम बसवला आहे. प्रवासात पेटी आपटते, रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीचे स्क्रू हलतात, म्हणून पोहोचल्यावर अधिकृत मैदानावर १०० मीटरवर तीन गोळ्या झाडून नेम तपासावा. १०० मीटरवर ३ सेंटिमीटर वाटणारी चूक ३०० मीटरवर ९ सेंटिमीटर होते, आणि तेवढ्या फरकाने जनावर जखमी होऊन निसटू शकते. स्क्रू आवळण्याची छोटी किल्ली आणि नळी साफ करण्याची दोरी यासाठीच रानातही जवळ ठेवावी. घसरून पडल्यावर नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ गेला असेल, तर ती साफ केल्याशिवाय गोळी झाडणे प्राणावर बेतू शकते. कडाक्याच्या थंडीत जाड तेल घट्ट होऊन यंत्रणा अडकते, म्हणून निघण्यापूर्वी जुने तेल पुसून अगदी पातळ हात द्यावा. रायफल थंडीतून एकदम उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव जमते. शक्य असेल तर तिला थंड पण कुलूपबंद जागीच ठेवावे.

डोळ्यांना लावायच्या दुर्बिणीबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. तिच्यावरचा पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. १०×४२ किंवा ८×४२ यांपैकी जी हातात आहे ती घ्यावी. दाट झाडीत आणि संधिप्रकाशात ८×४२ अधिक उजळ आणि स्थिर दिसते, उघड्या डोंगरावर १०×४२ बरी. काच पुसण्याचे कोरडे कापड दोन ठिकाणी ठेवावे.

कागदपत्रांची मात्र हयगय करू नये. शिकारीचा परवाना, शस्त्राचा परवाना, जमीनमालकाची लेखी संमती, त्या हंगामाचे छापील नियम आणि सावजाला लावायचा टॅग (परवान्यासोबतची नोंदीची चिठ्ठी) हे सर्व पाणी न शिरणाऱ्या एकाच पाकिटात असावे आणि ते पाकीट पाठपिशवीत नव्हे, अंगावरच्या कपड्यात असावे. अनेक ठिकाणी टॅग सावज पडल्या जागीच भरून बांधावा लागतो, आणि मांस हलवताना जनावर नर होते की मादी याचा पुरावा त्याला जोडलेला ठेवावा लागतो. शाईचे पेन थंडीत लिहीत नाही, म्हणून पेन्सिल ठेवावी. उत्तर अमेरिकेत जायचे असल्यास आणखी एक गोष्ट आधी पाहावी : हरणांना होणारा मेंदूचा एक असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोराडोत प्रथम लक्षात आला, आणि तो पसरू नये म्हणून आता अनेक राज्यांत मेंदू व पाठीचा कणा हद्द ओलांडून नेण्या-आणण्यावर बंदी आहे. म्हणजे शिंगे न्यायची असतील तर कवटी तिथेच साफ करावी लागणार, आणि त्यासाठी छोटी करवत लागणार.

रोज रानात जाताना, दोन तासांत परतणार असलो तरी, काही वस्तू अंगावरून कधीच उतरू नयेत : कपाळावर बांधायचा दिवा व त्याच्या जादा बॅटऱ्या, दोन प्रकारे आग पेटवण्याची साधने, शिटी, होकायंत्र आणि कागदी नकाशा. मोबाईलमध्ये नकाशा उतरवून घेतला तरी थंडीत त्याची बॅटरी पाहता पाहता उतरते. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा. पाणी गाळण्याचे पोकळ तंतूंचे साधन एकदा गोठले की आतून फुटते आणि वरून मात्र धड दिसते, त्यामुळे तेही रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यावे. प्रथमोपचाराच्या डबीत गोळ्यांपेक्षा रक्त थांबवण्याची सोय आधी हवी, कारण अंधारात, थंड बोटांनी आणि रक्ताने निसरड्या झालेल्या हातांनी सुरी चालवताना स्वतःलाच कापून घेणे ही शिकारीतील नेहमीची दुखापत आहे. दाब देऊन बांधायची रुंद पट्टी आणि रक्तबंध पट्टा (हात-पाय आवळून रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट) घ्यावा, आणि तो एका हाताने बांधण्याचा सराव घरीच करावा. मचाणावर बसायचे असेल, तर झाडाला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा स्वतःचाच न्यावा. दुसऱ्याने दिलेला, किती जुना ते माहीत नसलेला पट्टा वापरू नये.

निघण्याच्या दोन दिवस आधी सर्व सामान जमिनीवर मांडून, एक दिवस मनातल्या मनात पहाटेपासून रात्रीपर्यंत जगून पाहावा : उठलो, अंधारात बूट शोधले, चढलो, बसलो, पाऊस आला, सावज दिसले, पडले, अंधार झाला. प्रत्येक टप्प्यावर हात कोणत्या वस्तूकडे जातो आणि ती कोणत्या कप्प्यात आहे हे ठरले की त्याच कप्प्यात ती कायमची ठेवावी. शेवटी एक कागद घरी ठेवायचा असतो. त्यावर कोणत्या भागात उतरणार, गाडी कुठे लावणार, सोबत कोण, परतण्याचा दिवस आणि तास कोणता, आणि त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणत्या क्रमांकावर कळवायचे, एवढे स्पष्ट अक्षरात लिहून तो कागद घरच्या माणसाच्या हातात द्यावा आणि त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.