पन्नाशीनंतरही स्पर्धेत धावायचं असेल तर

माझं वय 58. 2005 पासून धावते, त्यातली बरीच वर्षं साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात. ग्राउंडवर येणाऱ्या पन्नाशीच्या बायका मला हमखास विचारतात, "ताई, वेळ वाढत चाललीय, काय करू?" त्यांचा आठवडा कसा जातो हे ऐकलं की उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. किलोमीटर पूर्वीइतकेच, रोज तोच सावकाश वेग, आणि जोरात धावणं मात्र "आता या वयात कशाला" म्हणून बंद. मी नेमकं उलट सांगते. दिवस कमी करा, वेग सोडू नका.

वयाबरोबर हृदयाचे कमाल ठोके कमी होत जातात, ते कुणाच्याच हातात नाही. पण वेगासाठी लागणारे स्नायूतंतू वापरले नाहीत तर आधी तेच झिजतात, आणि ते वापरणं आपल्या हातात आहे. पूर्वी मी सहा दिवसांत 70 किलोमीटर करायचे, आता चार दिवसांत 45. मंगळवारी शाहू स्टेडियमवर 200 मीटर आठ वेळा, जोरात, पण शेवटच्या खेपेला पाय विस्कटणार नाहीत इतपतच. दोन खेपांच्या मध्ये दोन मिनिटं चालायचं. गुरुवारी आणि शनिवारी हलकं. रविवारी लांब पल्ला, शेजारच्या मैत्रिणीशी बोलता येईल अशा वेगात.

दोन अवघड दिवसांमध्ये किती अंतर हवं, हे मला दुखापतीनेच शिकवलं. पन्नासाव्या वर्षी मी चाळिशीतलंच वेळापत्रक चालवत होते, मंगळवारी वेगाचा सराव आणि गुरुवारी लगेच घाट. एका गुरुवारी वळणावर मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारल्यासारखं झालं. मी वळून बघितलंसुद्धा. कुणी नव्हतं, पोटरीचा स्नायू फाटला होता. सहा आठवडे गेले. आता अवघड सरावानंतर तीन दिवस हलकेच जातात. शिवाय सकाळी अंथरुणातच नाडी मोजते. माझी 52 असते. 58-60 लागली तर त्या दिवशी शूज घालत नाही.

तेव्हापासून पोटऱ्यांचा व्यायाम एकदाही चुकवलेला नाही, आणि तुम्ही या लेखातलं एकच काही करणार असाल तर हेच करा. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवा, टाचा हवेत, हात कठड्याला. दोन्ही पायांनी वर जा, मग एक पाय उचला आणि दुसऱ्यावर मनात चार आकडे मोजत टाच पायरीच्या खाली उतरवा. प्रत्येक पायाला 15 वेळा, तीन फेऱ्या. त्यातली एक फेरी गुडघा किंचित वाकवून करा, म्हणजे आतला खोल स्नायूही कामाला लागतो. आठवड्यातून तीनदा पुरे. बैठका मी पाठीवर वजनाची पिशवी घेऊन मारते. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात, नुसत्या धावण्यावर विसंबून चालत नाही. हाडांची घनता एकदा तपासून घ्या आणि वजन किती उचलायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला, म्हणजे आमच्या यवतेश्वर घाटातल्या 21 किलोमीटरच्या शर्यतीला, जाताना चढ आणि येताना तोच उतार. सगळे चढाची तयारी करतात, मांड्या मात्र उतारावर जातात, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा मध्यम वेगात तीन-चार किलोमीटर नुसता उतार धावा. दोन दिवस जिना उतरताना कळ येईल, पण शर्यतीत तेवढ्याच उताराने मांड्या कमी दुखतील. हा उपाय मला फार उशिरा कळला.

खाण्याबद्दल थोडक्यात. धावून आल्यावर नुसता चहा-बिस्किट नको. दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि दही. उतारवयात स्नायू भरून यायला प्रथिनं जास्त लागतात आणि आपल्या ताटात तीच कमी असतात.

राहिलं लक्ष्य. जुन्या वेळेशी भांडत बसू नका. अमेरिकेची धावपटू जोन बेनोइट सॅम्युएलसन हिने 1979 मध्ये बोस्टन मॅरेथॉन 2:35:15 मध्ये जिंकली होती. चाळीस वर्षांनी, 2019 मध्ये, तिने ठरवलं की त्या वेळेपासून चाळीस मिनिटांच्या आत यायचं. 61 व्या वर्षी ती 3:04 मध्ये आली. मी हेच गणित उचललं. 2013 ला आमच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला मला 2 तास 4 मिनिटं लागली होती. वर्षाला एक मिनिट सूट धरते. गेल्या सप्टेंबरात सूट होती 12 मिनिटांची, मी आले 2 तास 13 मिनिटांत. तीन मिनिटं शिल्लक आहेत, पण ती मी पुढच्या वर्षासाठी धरणार नाही. पुन्हा 2:13 च लावायचेत, म्हणून मंगळवारच्या आठ खेपांच्या आता नऊ केल्या आहेत.