मे महिन्यात मोटारसायकलवर पाणी, ताक आणि चहा

मी ठिबकच्या नळ्या बसवतो, दुरुस्त करतो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा जळगाव जिल्ह्यातला माझा रोजचा रस्ता. केळीच्या बागेत गारवा असतो, पण बागेपर्यंत उन्हातूनच जावं लागतं. पारा ४५ च्या पुढे गेला की गाडीवर लागणारा वारा अंगापेक्षा गरम असतो. घाम आला तसा वाळतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन लिटर पाणी होतं, पण मागच्या बॅगेत, नळ्या जोडायच्या जॉइनर-ग्रोमेटच्या पिशव्यांखाली. एवढं कोण उपसणार, रावेरला पोचूनच पिऊ म्हटलं. सावद्याच्या पुढे डोळ्यांसमोर अंधारी आली. गाडी निंबाखाली लावून अर्धा तास आडवा पडलो. तेव्हापासून पाणी बॅगेत ठेवत नाही. उतरल्याबरोबर हाताला लागेल अशा जागीच ठेवतो.

त्यासाठी छागलीसारखं दुसरं काही नाही. जाड कापडाच्या या पिशवीतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गाडीचा वारा जेवढा जोरात आणि कोरडा, तेवढं पाणी गार. नवी छागल गळते, घाबरू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, धागे फुगले की गळती कमी होते. पहिलं एक-दोन वेळचं पाणी कापडाच्या वासाचं असतं, ते झाडाला घाला. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून छागल डाव्या बाजूला लेग गार्डला दोन ठिकाणी बांधा. गिअरला, चाकाला लागत नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. हँडलला मात्र लटकवू नका, पाच लिटर म्हणजे पाच किलो, वळणावर हँडल ओढतं. छागल नसेल तर बाटलीला सुती फडकं गुंडाळून ते ओलं ठेवा, तत्त्व तेच.

ताक मी स्टीलच्या बाटलीत नेतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ताक अजिबात नको. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं जागा सोडा. खड्ड्यांतून ताक घुसळलं जातं आणि सायीचं असेल तर तोंडाशी लोण्याचे गोळे अडकतात. म्हणून घरूनच लोणी काढून, पातळ करून, मीठ आणि भाजलेलं जिरं घालून घ्या. दुपारच्या जेवणापर्यंत संपवा. ताक नसेल त्या दिवशी एक लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू. मीठ अंदाजाने वाढवू नका.

चहासाठी स्टीलचा थर्मास घ्या, काचेच्या आतल्या भांड्याला आपले रस्ते सोसत नाहीत. चहा ओतण्याआधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा. मी बिनदुधाचा, गवती चहा घातलेला नेतो.

चालत्या गाडीवर काही पिऊ नका. एक हात बाटलीत, मान वर, समोरून उसाचा ट्रॅक्टर, हे बघवत नाही. दर अर्ध्या तासाने सावली बघून थांबा, स्टँड लावा, हेल्मेट काढा, उपरणं सैल करा आणि तहान नसली तरी पेलाभर प्या. बागेत पोचल्यावर शेतकरी म्हणतो, "भाऊ, आधी पाणी प्या." तिथेही नाही म्हणू नका. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर पुढचं गाव जवळ असलं तरी गाडी बाजूला घ्या.

जून सरता सरता हवा दमट झाली की छागलीत पाणी गार होत नाही. मग ती साबणाशिवाय धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून खुंटीला टांगा. ओलसर गुंडाळून ठेवलेल्या छागलीला बुरशी लागते आणि पुढच्या चैत्रात तिचं पाणी तोंडात धरवत नाही.