जुलाबाचा नमुना: कोणती तपासणी कधी लावायची

पावसाळ्यात एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या वाडीत चार-पाच जणांना तांदळाच्या धुवणासारखे जुलाब लागले, तर लॅबसमोरचा प्रश्न ‘कॉलरा आहे का’ हा असतो. एकाच माणसाला ताप, पोटात मुरडा आणि रक्त-शेंब पडत असेल, तर शोध शिगेलाचा, म्हणजे रक्ती आवेच्या जंतूचा. तपासण्यांची तुलना इथूनच सुरू करा, कारण एका प्लेटवर (जंतू वाढवायच्या पोषक थराच्या बशीवर) सगळे जंतू सापडत नाहीत.

नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी घ्या. मात्र त्यासाठी ओआरएस किंवा सलाईन थांबवू नका. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचणार नसेल, तर स्वॅब (कापूस लावलेली काडी) शौचात भिजवून कॅरी-ब्लेअरच्या (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाच्या) नळीत तळापर्यंत खुपसा, वरची काडी मोडा आणि झाकण घट्ट लावा. आटलेली, बुडबुडे आलेली किंवा रंग बदललेली नळी वापरू नका. कॉलऱ्याच्या संशयात ही नळी बाहेरच्या तापमानात चालते, शिगेलाच्या संशयात थंड ठेवा. खाडीपलीकडच्या गावातून डब्यात तसंच पाठवलेलं शौच संध्याकाळी लॅबला लागलं, तर शिगेला तोवर बहुधा मेलेला असतो आणि ‘निगेटिव्ह’ रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

कॉलऱ्याची रॅपिड पट्टी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. साथीचा इशारा म्हणून ती उपयोगी आहे, पण खोटं पॉझिटिव्हही दाखवते आणि कोणतं औषध चालेल ते सांगत नाही. नमुना आधी चार ते सहा तास अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (कॉलऱ्याचा जंतू वाढवणाऱ्या अल्कधर्मी द्रवात) वाढवून मग पट्टी लावली, तर खोटी पॉझिटिव्ह कमी होतात. खात्री मात्र कल्चरने, म्हणजे जंतू वाढवून पाहिल्यानेच होते.

कल्चरसाठी अल्कलाइन पेप्टोन वॉटर बनवताना लिटरमागे १० ग्रॅम पेप्टोन आणि १० ग्रॅम मीठ घालून पीएच ८.५च्या आसपास ठेवा. १० मिलिलिटरच्या नळीत स्वॅब किंवा १ मिलिलिटर शौच टाकून ३५ ते ३७ अंशांवर सहा ते आठ तास ठेवा. नंतर नळी हलवू नका. व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जंतू) हवेच्या ओढीने वरच्या थरात जमतो, म्हणून लूप (तारेचं कडं) पृष्ठभागालाच लावून टीसीबीएसवर (व्हिब्रिओसाठीच्या खास प्लेटवर) स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढून पसरवा. घुसळलेल्या नळीतून घेतलं तर इतर जंतूही तितकेच येतात. रात्री कुणी थांबणार नसेल, तर १८ तासांनी एक लूप नव्या नळीत टाका आणि तिथून पुन्हा सहा ते आठ तास मोजा. टीसीबीएस ऑटोक्लेव्ह करायचं नसतं, फक्त उकळवायचं.

१८ ते २४ तासांनी २ ते ४ मिलिमीटरच्या चपट्या, चकचकीत पिवळ्या वसाहती दिसल्या, तर संशय कॉलऱ्याचा. प्लेट त्याच दिवशी वाचा. जुनी झाली की पिवळा रंग हिरवट होऊ शकतो. ऑक्सिडेज तपासणी (जंतूतलं एक विकर रंगावरून ओळखणारी) थेट टीसीबीएसवरून करू नका, आधी वसाहत न्यूट्रिएंट अगारच्या साध्या प्लेटवर घ्या. नायक्रोम (निकेल-क्रोमियमच्या तारेच्या) लूपने खोटं पॉझिटिव्ह येतं, लाकडी काडी वापरा. मग ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात वसाहत कालवा. मिनिटभरात चिकट तार ओढली गेली, तर ओ१ आणि ओ१३९ हे साथ आणणारे दोन प्रकार ओळखणारं सिरम लावा.

वसाहत हिरवी असेल, तर रुग्णाने काय खाल्लं ते विचारा. तिसऱ्या (शिंपले), कालवं किंवा अर्धवट शिजलेली कोळंबी खाल्ली असेल, तर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या समुद्री जंतूकडे वळा. त्याला मीठ लागतंच. ०, ३ आणि ८ टक्के मिठाच्या तीन नळ्या लावा. तो शून्यात वाढत नाही, बाकी दोन्हींत वाढतो. कॉलऱ्याचा जंतू शून्यात वाढतो, आठमध्ये नाही. किनाऱ्यावर ही तपासणी फार महत्त्वाची आहे, पण सगळ्या लॅब नेहमीच्या शौच कल्चरला टीसीबीएस लावत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी फॉर्मवर ‘मासळी खाल्ली’ हे लिहिलंच पाहिजे.

शिगेला आणि साल्मोनेला (जुलाबाचा आणखी एक जंतू) यांच्यासाठी मॅककॉन्की आणि एक्सएलडी या दोन्ही माध्यमांच्या प्लेट लावा. एक्सएलडीवर शिगेला लाल, साल्मोनेला लाल पण बहुधा मध्ये काळा. सेलेनाइट ब्रॉथ (जंतू वाढवायचा द्रव) साल्मोनेलासाठीच. त्याच्या भरवशावर शिगेला शोधू नका, बऱ्याचदा तो त्यात दबतो. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूला ४२ अंश, कमी ऑक्सिजन आणि ४८ ते ७२ तास लागतात. ऑक्सिजन कमी करायला मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीवर विसंबू नका.

मल्टिप्लेक्स पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) काही तासांत अनेक जंतू एकदम पाहतो आणि साध्या कल्चरला न कळणारे रोगकारक ई. कोलायही ओळखतो. पण मेलेल्या जंतूचा डीएनएही त्याला दिसतो, आणि ‘आयपीएएच’ जनुक शिगेला व एंटेरोइन्व्हेसिव्ह (आतड्याच्या अस्तरात घुसणारा) ई. कोलाय दोघांतही असल्याने ते दोन वेगळे करत नाही. औषधांची संवेदनशीलता तर कळतच नाही. म्हणून पीसीआरला नमुना देण्याआधीच एक स्वॅब कॅरी-ब्लेअरमध्ये वेगळा काढून ठेवा. पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी तो कल्चरला लावा.